‘पुरेसा साठा आहे’

२ जानेवारी २०२४ च्या सकाळी मी नाशिकमध्ये एका पेट्रोल पंपावर पाऊण तास रांगेत उभा होतो. स्कूटरचा काटा अर्ध्याच्या वर होता. ऑफिस घरापासून चार किलोमीटर, म्हणजे तेवढ्या पेट्रोलवर आठवडा आरामात निघाला असता. पण आदल्या रात्री शेजारच्या काकूंनी दार वाजवून सांगितलं होतं, ‘अहो, उद्यापासून पेट्रोल बंद म्हणे. गाडी भरून ठेवा.’ मी त्यांना हसून ‘काही होत नाही हो’ म्हटलं, आणि सकाळी साडेसातला रांगेत जाऊन उभा राहिलो. पुढे एक रिक्षावाला होता. त्याची रिक्षा ढकलत आणलेली होती, टाकीत खरोखरच काही नव्हतं. त्याच्या पुढे-मागे आम्ही सगळे अर्ध्या टाक्यांचे शहाणे.

निमित्त तुम्हाला आठवत असेल. नव्या भारतीय न्याय संहितेत अपघात करून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती. त्यावरून देशभर ट्रक आणि टँकरचालकांनी गाड्या उभ्या केल्या. मनमाडजवळच्या पानेवाडीतून, जिथून उत्तर महाराष्ट्राला इंधन जातं, टँकर निघेनात. गंमत म्हणजे ज्या कलमावरून हे पेटलं ते तेव्हा लागूही झालेलं नव्हतं. पुढे १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली, तेव्हाही ते बाजूलाच ठेवलं गेलं. संप दोन दिवसांत मिटला. २ तारखेच्या रात्री दिल्लीत बोलणी झाली आणि चालकांना कामावर परतायला सांगितलं गेलं. पण त्या दोन दिवसांत कित्येक पंपांवर ‘पेट्रोल नाही’च्या पाट्या लागल्या, आणि त्या लावण्यात माझाही हातभार होता.

हिशोब सोपा आहे. समजा एका शहरात एक लाख दुचाक्या आहेत, प्रत्येकीची टाकी पाच लिटरची आणि एरवी सरासरी अर्धी भरलेली. एका सकाळी सगळ्यांनी टाकी काठोकाठ भरायची ठरवली, तर अडीच लाख लिटर पेट्रोल जादा लागतं, म्हणजे बारा-तेरा मोठे टँकर. कुणी एक थेंबही जास्त जाळलेला नसतो. पंपाच्या जमिनीखालचं पेट्रोल फक्त आमच्या सीटखाली येऊन बसलेलं असतं. सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये हेच झालं. तेलशुद्धीकरण कारखान्यांत इंधन होतं, ते वाहून नेणारे चालक कमी होते. काही पंप बंद पडल्याची बातमी आली आणि लोक तुटून पडले. शेवटी टँकर चालवायला लष्कराची माणसं आणावी लागली. सरकार रोज सांगत होतं की इंधन भरपूर आहे. ते खरंही होतं, आणि पंपही खरोखरच कोरडे होते.

अशा वेळी वर्तमानपत्रं आणि टीव्हीवरचे शहाणे लोकांना झापतात. मेंढरांसारखे धावतात, अफवांना बळी पडतात, सामाजिक भान नाही वगैरे. मला हे झापणं पटत नाही. रांगेतला माणूस त्याच्या परीने बरोबर हिशोब करतो आहे. उद्या मिळेल की नाही हे त्याला माहीत नाही. दुसरे धावणार हे मात्र पक्कं माहीत आहे. शांत बसणारा एकटाच उपाशी राहणार असेल, तर शांत बसणं हा शहाणपणा कसा? प्रश्न त्याच्या डोक्याचा नाही, त्याच्यापाशी असलेल्या माहितीचा आहे. आणि ती माहिती कोण देतं, कशी देतं, आजवर किती वेळा खोटी निघाली, यावर सगळं अवलंबून असतं.

‘जीवनावश्यक वस्तूंचा पुरेसा साठा आहे, नागरिकांनी घाबरून जाऊ नये.’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलं आहे की ते ऐकताच हात पिशवीकडे जातो. २४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी भाषण केलं, रात्री बारापासून देश बंद. भाषण संपायच्या आत आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानापुढे पन्नास माणसं होती. मग पंतप्रधानांनीच ट्वीट केलं की दुकानांवर गर्दी करू नका, वस्तू मिळत राहतील. दुकानं उघडी राहणार, हे चार तासांच्या मुदतीआधी नीट, ठळक सांगितलं असतं तर ट्वीट करावं लागलं नसतं. लोक साथीला घाबरले होतेच, पण त्या रात्री पिशवी घेऊन धावले ते बारा वाजतील म्हणून.

मला यातलं जे काही कळतं ते काकांच्या दुकानामुळे. काकांचं तालुक्याच्या गावी किराणा-भुसारचं दुकान होतं. ११ नोव्हेंबर २०१६, शुक्रवार. पाचशे-हजाराच्या नोटा बंद होऊन तीन दिवस झाले होते. रात्री नऊच्या सुमारास काका शटर ओढायच्या बेतात असताना फोन सुरू झाले. मिठाचा तुटवडा झालाय, कुठे दोनशे रुपये किलो, कुठे चारशे. उत्तर प्रदेशातून, दिल्लीतून निघालेली ही अफवा त्या रात्री मुंबईपर्यंत आली होती आणि मुंबईच्या पाहुण्यांनी ती फोनवरून आमच्या गावात पोचवली. ज्या देशाला तीन बाजूंनी समुद्र आहे, जिथे तीन चतुर्थांश मीठ एकट्या गुजरातेत पिकतं, तिथे मीठ संपणार! आज हसू येतं. पण ज्या आठवड्यात खिशातली पाचशेची नोट एका भाषणात कागद झाली, त्या आठवड्यात मीठ संपणं अशक्य आहे असं कोण छातीठोक सांगणार?

समोरच्या दुकानदाराने शटर अर्धं खाली घेतलं. झालं, लोक शटर बडवायला लागले. अर्धं शटर म्हणजे माल दडवतोय, याला दुसरा अर्थच नसतो. काकांनी उलट केलं. पोऱ्याला हाताशी घेऊन आतल्या पाच गोण्या ओढत ओट्यावर आणल्या, तोंडं सोडली आणि उधारीच्या सूचनेची काळी पाटी पुसून तिच्यावर खडूने लिहिलं: मीठ, भाव नेहमीचा, एका घराला दोन पुडे, सकाळी आठला परत मिळेल. सुट्टे कुणाकडेच नव्हते, म्हणून वहीत मांडून दिलं. पहिल्या वीसएक जणांनी दोन-दोन पुडे नेले. मग लोक येत, गोण्यांकडे बघत, ‘आण्णा, एवढं मीठ आहे होय तुमच्याकडं!’ म्हणत आणि तसेच परत जात. दहाच्या आत ओटा मोकळा. तीन गोण्या उरल्या. समोरच्याकडे रात्री अकरापर्यंत भांडणं चालू होती.

काका काही संत नव्हते. नंतर त्यांनी कबूल केलं की पहिला फोन आला तेव्हा चाळीसचा भाव लावायचं मनात आलं होतं. ‘मग का नाही लावला?’ म्हटलं, तर म्हणाले, ‘चाळीस लावला असता तर अफवा खरी झाली असती. आणि एक लक्षात घे, लोक मीठ घ्यायला आले नव्हते. मीठ आहे का ते बघायला आले होते.’ पुढचे दोन महिने मिठाला गिऱ्हाईक नव्हतं, हा त्यांचा वेगळा तोटा.

त्या ओट्यावर झालं ते मोठ्या प्रमाणावर पाहायचं तर श्रीलंकेचं २०२२ साल पाहावं. तिथला तुटवडा अफवेचा नव्हता, खरा होता. कारणं पुष्कळ. २०१९ अखेरची मोठी करकपात, ईस्टरचे बॉम्बस्फोट आणि मग कोविडने बसलेलं पर्यटन, डोक्यावरचं परकीय कर्ज, २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात घातलेली आणि काही महिन्यांत मागे घेतलेली बंदी. पण मला त्या अर्थशास्त्रापेक्षा सरकार लोकांशी काय बोलत होतं ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस साखर, तांदूळ मिळेना, तेव्हा राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी आणीबाणीचे अधिकार घेतले, वाटपावर देखरेखीसाठी लष्करातला मेजर जनरल नेमला आणि सांगितलं की दोष साठेबाजांचा आहे. गोदामांवर छापे पडले, साखर जप्त झाली, भाव बांधून दिले. महिना-दीड महिन्यात बांधलेले भाव सोडून द्यावे लागले आणि घरगुती गॅसचा सिलिंडर एका झटक्यात सुमारे दीड हजार रुपयांवरून सव्वीसशेच्या वर गेला. म्हणजे साठेबाज ही गोष्ट सहा आठवडेसुद्धा टिकली नाही. लोकांनी त्यातून काय धडा घेतला असेल? सरकार म्हणेल त्याच्या उलट समजायचं, हाच. जानेवारी २०२२ मध्ये अर्थतज्ज्ञ सांगत होते की हातातले डॉलर औषधांना आणि इंधनाला ठेवा. सरकारने ५० कोटी डॉलरचे रोखे वेळेवर फेडून सगळं ठीक असल्याचं दाखवलं. १२ एप्रिलला परकीय कर्जफेड थांबवल्याची घोषणा करावी लागली.

मधल्या काळात रांगा लागल्या होत्या. रिकामे सिलिंडर रस्त्याच्या कडेला साखळीने एकमेकांना बांधून ठेवलेले, मालक सावलीला. मार्चमध्ये पेट्रोल-रॉकेलच्या रांगेत म्हातारी माणसं कोसळून मेली. पंपांवर लष्कर उभं राहिलं. छापायला कागद नाही म्हणून कोलंबोच्या प्रांतात शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या. १९ एप्रिलला रंबुक्कना गावात इंधनाच्या नव्या दरवाढीवर चिडलेल्या लोकांनी रेल्वे रूळ अडवला, पोलिसांनी गोळीबार केला, एक माणूस गेला. मला हा प्रसंग सगळ्यात बोलका वाटतो. रांग लांब आहे म्हणून माणूस दगड उचलत नाही. तासन्‌तास उभं राहिल्यावर नंबर आला आणि भाव बदलला, किंवा मागून आलेल्या सरकारी गाडीला आधी मिळालं, की उचलतो. तुटवड्याचं अशांततेत रूपांतर होतं ते बहुधा या वळणावर.

पुढचं जगाने पाहिलं. ९ जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले, १३ ला गोटाबाया देश सोडून गेले, १४ ला सिंगापूरहून राजीनामा आला. त्या पोहण्याच्या तलावाच्या चित्रफिती आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केल्या. पण त्याच आठवड्यात झालेली दुसरी गोष्ट फारशी कुणी पाहिली नाही. १६ जुलैला इंधनाचा राष्ट्रीय पास आला. गाडीच्या नंबरवर एक क्यूआर कोड, आठवड्याला ठरलेला कोटा. दुचाकीला चार लिटर, तीनचाकीला पाच, मोटारीला वीस. ऑगस्टपासून तो देशभर लागू झाला. डॉलर तेव्हाही नव्हते. महागाई तर वाढतच होती. सप्टेंबरात कोलंबोतली खाद्यवस्तूंची महागाई ९५ टक्क्यांच्या आसपास होती. तरीही मैलभर लांबीच्या रांगा पाहता पाहता आटल्या. चार लिटर म्हणजे काही चैन नव्हे. पण हे चार लिटर माझे आहेत, आज नाही घेतले तरी परवा मिळतील, आणि शेजाऱ्यालाही चारच मिळणार आहेत, एवढं कळल्यावर रात्रभर पंपावर झोपायची गरज कुणाला? माझ्या काकांनी खडूने लिहिलं होतं ते यांनी क्यूआर कोडने लिहिलं. फक्त चार महिने आधी लिहिलं असतं तर कदाचित रांगेतली काही माणसं वाचली असती.

आपल्याच इतिहासात याहून भयंकर जोडी आहे. १९४३ साली बंगालमध्ये तांदळाचे भाव चढत असताना प्रांतिक सरकार धान्य पुरेसं आहे असा प्रचार करत राहिलं. लोकांचा धीर खचू नये, ही त्यामागची सबब. त्या दुष्काळात माणसं मेली त्यांची संख्या सरकारी चौकशी आयोगाने पंधरा लाख धरली, नंतरच्या अभ्यासकांनी तीस लाखांपर्यंत नेली. अमर्त्य सेन यांनी पुढे दाखवून दिलं की एकूण धान्य काही तितकं घटलेलं नव्हतं. मजुराच्या हातातल्या पैशाला ते परवडेनासं झालं होतं, आणि युद्धाच्या धास्तीने झालेल्या साठवणुकीने भाव आणखी चढले होते. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबई शहरात रेशनिंग सुरू झालं. कलकत्त्यात ते यायला जानेवारी १९४४ उजाडला. मुंबईचं सगळं बरं चाललं होतं असं मी म्हणत नाही. बंगालवर जपानी सैन्याची जशी टांगती तलवार होती तशी मुंबईवर नव्हती. पण एका शहरात माणशी किती मिळणार ते कार्डावर लिहिलेलं होतं आणि दुसरीकडे धीर धरा असं सांगितलं जात होतं, हा फरक बारीक नाही.

आपल्या आधीच्या पिढीला ७२ च्या दुष्काळातला रेशनचा तांबडा मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, आठवतो. त्याची भाकरी थापता येत नसे, चव तर नसेच, आणि आमची आजी शेवटपर्यंत त्याला शिव्या घालायची. पण मिलो मिळायचा. त्याच काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने लाटणं मोर्चे काढले. लाटणी घेऊन रस्त्यावर आलेल्या त्या बाया घाबरलेल्या नव्हत्या, चिडलेल्या होत्या. घाबरलेली बाई एकटी धावते आणि जमेल तितकं घरात भरते. चिडलेल्या बाया एकत्र येऊन विचारतात की धान्य, तेल, रॉकेल आलं किती आणि गेलं कुठे. सरकारांना नेहमी दुसऱ्या प्रकाराची भीती वाटते आणि पोलीसही तिथेच जास्त येतात, पण तुटवड्यावर खरा इलाज या दुसऱ्या प्रकारातूनच निघतो.

कारण घबराट सगळ्यांना सारखी परवडत नाही. मार्च २०२० मध्ये आमच्या सोसायटीत एका घरात वीस किलो कणीक, बारा लिटर तेल आणि चार महिन्यांचा चहा येऊन पडला होता. त्यांना कुणी साठेबाज म्हणालं नाही. तो शब्द आपण दुकानदारासाठी राखून ठेवला आहे. रोजच्या मजुरीतून रोजचा पाव किलो तांदूळ नेणाऱ्याने काय साठवायचं? त्याच्या वाट्याला उरलेलं येतं, तेही चढ्या भावाने. १४ एप्रिल २०२० ला टाळेबंदी वाढली तेव्हा वांद्रे स्टेशनबाहेर हजारो मजूर जमले. गावाकडे गाड्या सुटणार अशी बातमी पसरली होती. त्यांना अफवेचे बळी म्हणणं सोपं होतं. तीन आठवडे काम नाही, मुकादमाचा फोन लागत नाही, अन्नाचं पाकीट कधी येतं कधी नाही. त्यात एक बातमी अशी आली की निदान तिच्याकडे चालत जाता येत होतं. पोलिसांनी लाठ्या चालवल्या.

यावर ठरलेला आक्षेप असा की खरं सांगितलं तर लोक जास्त घाबरतील. यात तथ्य अजिबात नाही असं नाही. बँक अडचणीत आहे असं सकाळी जाहीर केलं तर धडधाकट बँकही संध्याकाळपर्यंत मोडेल. पण तिथे तरी ठेवीदाराला कशाने धीर येतो? अध्यक्षांच्या निवेदनाने येत नाही. पाच लाखांपर्यंतची ठेव विम्याखाली आहे (२०२० च्या फेब्रुवारीपर्यंत ती एकच लाख होती), या लिखित आकड्याने येतो. दुसरा आक्षेप लुटीचा: साठा दाखवला की लोक लुटतील. तर गोदामाचा पत्ता फळ्यावर लिहा असं कुणीच म्हणत नाही. किती आलं, माणशी किती, पुढचं कधी, एवढंच सांगा. २ जानेवारी २०२४ लाच चंडीगडच्या प्रशासनाने दुचाकीला दोन लिटर आणि चारचाकीला पाच लिटर अशी मर्यादा जाहीर केली. आमच्याकडे त्या दिवशी अशी मर्यादा असती, तर मी आणि माझ्यासारखे अर्ध्या टाकीवाले घरी बसलो असतो. दोन लिटरसाठी पाऊण तास कोण घालवतो! तो रिक्षावाला तेवढा उभा राहिला असता.

अशांतता दिसली की हल्ली पहिली गोष्ट केली जाते ती इंटरनेट बंद करण्याची. अफवा थांबतील हा त्यामागचा विचार. श्रीलंकेने ३ एप्रिल २०२२ ला समाजमाध्यमं बंद करून पाहिली आणि त्याच दिवशी परत सुरू केली. आपल्याकडे मणिपूरमध्ये मे २०२३ पासून मोबाइल इंटरनेट महिनोन्‌महिने बंद होतं. अफवेला इंटरनेट लागत नाही, आमच्या गावात मिठाची अफवा साध्या फोनवरूनच आली. इंटरनेट लागतं ते अफवा खोडायला. आणि आता तर ते भाजी घ्यायलाही लागतं. ज्याच्या खिशात रोख नाही, सगळं यूपीआयवर आहे, त्याला इंटरनेट बंद म्हणजे दुकानं भरलेली असतानाही तुटवडा. बंदीच्या आदेशावर सही करणाऱ्याने त्याआधी एकदा कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याचा गल्ला उघडून पाहावा.

मला यात मोठी नवी यंत्रणा वगैरे नको आहे. संप असो, दंगल असो, सरकार पडो, जिल्हाधिकाऱ्यांनी रोज संध्याकाळी सहाला तीन ओळी द्याव्यात: आज जिल्ह्यात काय आलं, उद्या काय यायचं आहे, एका घराला किती. आलं नसेल तर आलं नाही असं लिहावं. चार दिवस त्या ओळी खऱ्या ठरल्या की पाचव्या दिवशी लोक त्या वाचून पिशवी खाली ठेवतील. नियम नवा करायचीही गरज नाही. रेशन दुकानाबाहेर शिल्लक साठा आणि भाव लिहिलेला फलक लावणं आपल्याकडे बंधनकारकच आहे.

आमच्या भागातल्या दुकानाचा फलक मी हे लिहायला बसण्याआधी जाऊन पाहून आलो. गहू, तांदूळ, साखर असे रकाने पांढऱ्या ऑइल पेंटने सुबक आखलेले आहेत. ‘शिल्लक’ या रकान्यात काही नाही. तारखेच्या जागी खडूने मागच्या दिवाळीतली तारीख आहे, आणि फलकाच्या खिळ्याला कुणीतरी छत्री अडकवून ठेवली आहे.